बारा शब्दांचा गृहपाठ

आमच्या शेजारचा विमा एजंट कुणाच्या घरी चहा प्यायला, की त्या घरातलं काहीतरी कुठेतरी नोंदलं जातं. एकदा त्याने माझा विमा उतरवला, एकदा बायकोचा आणि एकदा आमच्या पाण्याच्या मोटरचा. तेव्हा परवा तो दारात उभा राहून, "पेंटरकाका, आज मी काही विकायला आलेलो नाही," असं म्हणाला, तिथेच मी दार लावून घ्यायला हवं होतं. पण त्याच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. तो स्वतः काहीतरी घेऊन आल्याची ही पहिलीच वेळ, म्हणून मी भारावलो.

"तुम्ही लिहिता असं ऐकलं," तो बसत म्हणाला.

माणसाला गाफील गाठायचं असेल तर हे वाक्य फार उपयोगी आहे.

"थोडंफार," मी म्हटलं.

"मग तुमच्यासाठीच आलंय हे. आपण इतर ठिकाणी लिहितो ना, ते सगळं कंपनीच्या हातात. कंपनीला वाटलं, पुसलं. हे नवीन अ‍ॅप आहे ते ब्लॉकचेनवर चालतं. इथे लिहिलेलं कुणालाच पुसता येत नाही."

"कुणालाच म्हणजे?"

"लिहिणाऱ्यालासुद्धा नाही."

शहाणा माणूस या शेवटच्या वाक्यापाशी थांबला असता. मी त्याच्या आधीच्या वाक्यातून बाहेरच आलो नव्हतो. त्याचं कारण असं, की मी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरच्या जाहिराती रंगवल्या आणि आज त्यातली एकही शिल्लक नाही. मालक बदलला की पाटी जाते. भिंतीचं तर विचारूच नका. माझ्या साबणावर कुणी सिमेंट रंगवतं, सिमेंटवर शिकवणीचे वर्ग. आणि मी काढलेली ती सगळी अक्षरं दुसऱ्यांची. गिऱ्हाईक कागदावर लिहून द्यायचं, मी नुसते आकार मोठे करायचो. वाचायला मी एकसष्टाव्या वर्षी शिकलो. तेव्हापासून मला एकच हौस आहे. आपण स्वतः जुळवलेले चार शब्द कुठेतरी राहावेत आणि त्यांच्यावरून कुणी ब्रश फिरवू नये. मागणी काही फार मोठी नाही.

एजंटने समजावून सांगितलं. म्हणे, ही एक वही नाही, हजारो लोकांकडे हजारो वह्या आहेत आणि सगळ्या एकमेकींना साखळीने बांधलेल्या. आपण एक ओळ लिहिली की ती सगळ्या वह्यांत एकदम उमटते. एकाने खोडली तरी बाकीच्या साक्षीला उभ्या.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "म्हणजे हजार ठिकाणी एकदम हसं."

"वहिनी, यात नाणीसुद्धा मिळतात," एजंट म्हणाला. "तुमचं लिखाण कुणाला आवडलं की तो लाल बदाम देतो. बदामाचं नाणं होतं."

"त्या नाण्यांत दूध येतं का?"

"दूध अजून नाही येत. पण पुढे येईल."

बायकोने कुकरची शिट्टी होऊ दिली. आमच्या घरात एखादा विषय संपला हे अशा रीतीने कळवलं जातं.

खातं उघडायला मला वाटलं होतं पाच मिनिटं लागतील. चार दिवस लागले. 'पेंटरकाका' हे नाव लगेच मिळालं, कारण जगात दुसऱ्या कुणाला ते नको होतं. अडलं ते चेहऱ्याशी. तिथला नियम आहे, एक माणूस, एक खातं. म्हणून ते आधी तुम्ही माणूस आहात की नाही हे तपासतात. फोन समोर धरायचा, डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, डोळे मिटायचे, उघडायचे, हसायचं. मी हे सगळं खिडकीपाशी उभा राहून मन लावून केलं. समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी आपल्या मुलाला आत नेलं. फोनवर अक्षरं आली, 'मानवी चेहरा आढळला नाही.'

मी ते मोठ्याने वाचलं, ही माझी चूक.

"मी एकेचाळीस वर्षं हेच सांगतेय," बायको म्हणाली.

खालच्या मजल्यावरचे हेडक्लार्क निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांच्या अडचणींवरच जगतात. ते वर आले. त्यांनी सल्ला दिला, मिशी काढा. एजंट म्हणाला, मिशी राहू दे, चष्मा काढा. चष्मा काढल्यावर मला फोनवरची सूचना वाचता येईना, तेव्हा हेडक्लार्क ती मागून वाचून दाखवू लागले. "डावीकडे. अजून डावीकडे. आता हसा. हे हसणं नाही." फोन म्हणाला, 'एकाहून अधिक चेहरे आढळले.' म्हणजे हेडक्लार्क माणूस ठरले आणि मी नाही. चौथ्या दिवशी सकाळी दाढी करताना कंटाळून मी साबणाच्या फेसासकट चेहरा दाखवला आणि यंत्राने मला माणसांत घेतलं. खात्यावर माझा तोच फोटो लागला.

मग आले ते बारा शब्द.

त्या खात्याला पासवर्ड नसतो. ते तुम्हाला बारा शब्द देतात, एका ठरलेल्या क्रमाने. ते ज्याच्याकडे, खातं त्याचं. हरवले तर खातं गेलं, कुणाच्या हाती लागले तरी गेलं. बदलता येत नाहीत. एजंटने मला दोनदा बजावलं, "कागदावर लिहा. कधी विसरणार नाही अशा जागी ठेवा. आणि कुणाला, म्हणजे कुणालाही, दाखवू नका."

माझे शब्द होते: छत्री, कासव, जिना, मीठ, पाहुणा, सुतळी, वादळ, आरसा, खिळा, उशीर, वांगं, गुपित. आज ते सांगायला हरकत नाही. का ते पुढे कळेलच.

ते ठेवायचे कुठे यावर घरात सभा भरली. हेडक्लार्कांचं मत पडलं, की चार-चार शब्दांचे तीन कागद करावेत, तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावेत आणि ते कुठे ठेवलेत याची नोंद चौथ्या कागदावर करून तो त्यांच्याकडे द्यावा. बायको म्हणाली, तांदळाच्या डब्यात ठेवा. पण आमच्या डब्यातल्या किड्यांनी याआधी एक पावती वाचून संपवलेली आहे. मी मात्र मनाशी पक्का विचार केला. जगात माझी अशी कोणती वस्तू आहे, जी मी कधीच विसरत नाही, कुणाच्या हाती देत नाही आणि उशाशी घेऊन झोपतो? माझी वर्गाची वही. तिच्या एका कोऱ्या पानावर मी ते बारा शब्द माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिले. खाली रेघ मारली. मला आठवतं, मी ते पान बराच वेळ हात लांब करून बघत बसलो होतो.

आता पहिलं काय लिहायचं. जे कधीच पुसलं जाणार नाही ते नीट असायला हवं. मी दोन आठवडे विचार केला आणि चार ओळी जुळवल्या. पण त्यांच्याआधी एक साधं ओळखीचं वाक्य असावं असं हेडक्लार्कांनी सुचवलं. "मी आजपासून इथे लिहिणार आहे," एवढंच. सभ्य, कुणाला न दुखावणारं.

मी 'मी' लिहिलं. पुढचं अक्षर शोधायला अंगठा वळवला. चाळीस वर्षं ब्रश धरून त्या अंगठ्याला घट्टा पडलाय, त्याला बारीक कामं जमत नाहीत. तो बाणाच्या खुणेवर पडला आणि 'मी' गेलं. हजारो वह्यांत. कायमचं.

मी तासभर फोनकडे बघितलं नाही. मग बघितलं तर चाळीस बदाम. कुणीतरी खाली लिहिलं होतं, 'एका अक्षरात सगळं आलं.' दुसऱ्याने विचारलं होतं, 'पण मी म्हणजे नक्की कोण?' त्यावर दोन अनोळखी माणसं दुपारपर्यंत भांडली आणि संध्याकाळी त्यातल्या एकाने आपण नोकरी सोडत असल्याचं जाहीर केलं.

"पुढचं राहिलं ते बरंच झालं," हेडक्लार्क म्हणाले.

हुरूप येऊन मी दुसऱ्या दिवशी माझ्या चार ओळी टाकल्या. या मात्र एकेक अक्षर तपासून:

'ज्या भिंतींसमोर मी दिवस दिवस उभा राहिलो, त्या आता मला ओळखत नाहीत.
तरी त्या रस्त्याने जाताना मी जरा हळू चालतो.
न जाणो,
एखादी हाक मारेल.'

दोन बदाम आले. एक एजंटचा, जो न वाचताच सगळ्यांना देतो, आणि एक माझाच, अंगठ्याच्या चुकीने.

मी फोन उपडा ठेवून दिला. पण जेवताना बायकोने न मागता वाढलं, त्यावरून चेहऱ्यावर काहीतरी दिसत असावं.

इथे आमच्या वर्गाबद्दल सांगायला हवं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दुपारी चार ते पाच आमचा प्रौढांचा वर्ग भरतो. आम्ही चार विद्यार्थी. एक मी. एक गवंडी, ज्याचं म्हणणं असं की मी आयुष्यभर त्याच्या भिंती खराब केल्या. एक सुईणमावशी, ज्यांनी सहाशेच्या वर पोरं जगात आणली आणि त्यातली निम्मी त्यांना रस्त्यात ओळख देत नाहीत. आणि एक कँटीनच्या मावशी, ज्या रोज ऐंशी माणसांचं जेवण रांधून मग येतात आणि पहिल्या बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घेतात. शिकवायला बाई आहेत. वयाने आमच्या मुलीएवढ्या, पण त्या आत आल्या की आम्ही चौघं उठून उभे राहतो.

त्या आठवड्यात बाईंनी गृहपाठ दिला होता, दहा-बारा शब्द निवडून शुद्ध लिहा. तो दिला त्या दिवशी मी दाढदुखीने घरी होतो. पुढच्या वर्गाला निघायच्या वेळी दातांच्या डॉक्टरांनी बोलावलं म्हणून त्या कळेत बारा शब्दांचं पान विसरून मी वही बायकोकडे दिली आणि म्हटलं, जाता जाता बाईंना दे, मागची उजळणी तपासायची राहिलीय. मी दवाखान्यात तोंड उघडून बसलो होतो, त्याच वेळी बाईंनी माझी वही उघडली. समोर पान. बारा शब्द, वळणदार, खाली रेघ. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी पानावर 'उत्तम' लिहिलं, ते बाराच्या बारा शब्द क्रमाने फळ्यावर उतरवले आणि म्हणाल्या, "बघा, गैरहजर राहूनसुद्धा गृहपाठ कसा करावा. सगळ्यांनी हे उतरवून घ्या."

सगळ्यांनी उतरवून घेतले.

यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी फोन उघडला तर माझ्या नावाखाली, माझ्या फेसाळलेल्या फोटोशेजारी लिहिलेलं: 'आज गुडघा फार दुखला. सुनेने विचारलं नाही. मी पण सांगितलं नाही.'

तीनशे बदाम.

मला सून नाही. गुडघे उत्तम आहेत. मी घाबरून एजंटला बोलावलं. त्याने फोन बघितला, मग छताकडे बघितलं.

"काका," तो म्हणाला, "या आठवड्यात मी तुमच्या वर्गातल्या तिघांची पण खाती सुरू करून दिली. म्हणजे, उघडायला गेलो. मी विचारलं, बारा शब्द आहेत का? तिघंही म्हणाले, आहेत, बाईंनी दिलेत. वह्या काढून दाखवल्या. मी घातले. शब्द असले की चेहरा विचारत नाहीत. मला वाटलं, वर्गाची काही योजना असेल."

"तिघांचे शब्द एकच आहेत, हे तुझ्या लक्षात आलं नाही?"

"मला वाटलं, एकाच शाळेचे आहेत म्हणून."

मी तसाच वर्गात गेलो. तिघंही फोन मांडीवर घेऊन बसले होते आणि फार खूश होते.

"पेंटर, तुझं तोंड प्रत्येक पानावर का येतं?" गवंड्याने विचारलं. "आम्ही लिहायचं आणि फोटो तुझा?"

"कारण ते खातं माझं आहे."

"असं कसं? बाईंनी शब्द दिले. वर्गाची वही आहे ती."

बाईंचा चेहरा उतरला. "मला वाटलं तुमचा गृहपाठ आहे," त्या म्हणाल्या. "मी फळ्यावर लिहिलं."

"पुसा मग," सुईणमावशी म्हणाल्या.

फळा केव्हाच पुसला होता. बाकी काही पुसता येणार नव्हतं.

खरं सांगायचं तर मी तिघांना हात जोडून थांबवायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण कँटीनच्या मावशी जाग्या होत्या. वर्गात त्यांना पूर्ण जागं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी विचारलं, "'ऐंशी माणसं जेवतात, पण चव कशी झाली हे एकजण सांगतो, तो पण खारट झालं तरच,' हे मी लिहिलेलं वाचलं का तुम्ही? पाचशे लोकांनी वाचलं." मी तोंड मिटलं. मनात म्हटलं, आठवडाभर लिहू दे, मग बघू. त्यात थोडा चांगुलपणा होता आणि थोडी वेगळीच गोष्ट होती. माझ्या नावाला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

कारण वाचणाऱ्यांना हे सगळं एकाच माणसाचं वाटत होतं. पेंटरकाका नावाचा एक मिशीवाला गृहस्थ, ज्याने पाण्याची टाकी बांधली, सहाशे बाळंतपणं केली, रोज ऐंशी माणसांना जेवू घालतो, सुनेशी बोलत नाही आणि कधी एकदा फक्त 'मी' म्हणाला होता. लोक लिहू लागले, 'काका, एका जन्मात हे सगळं कसं जमवलंत?' एकीने तर माझा सल्ला विचारला, पोटातलं पोर पायाळू आहे, काय करू? सुईणमावशींनी तिला तासाभरात उत्तर दिलं, आधी दवाखान्यात जा, मग मला विचार. बदाम बाराशे. एकूण सगळ्यांत कमी बदाम मिळवणारा लेखक मीच होतो, माझ्याच खात्यावर.

आठवडा पुरा व्हायच्या आत तक्रार झाली. 'भिंग' नावाने लिहिणारा कुणी होता, त्याने म्हटलं, हा एक माणूस असणं शक्य नाही. तिथे कंपनी नसते, त्यामुळे न्यायसुद्धा लिहिणारेच करतात. एकवीस पंच निवडले गेले. मला नोटीस आली. हेडक्लार्कांनी ती हातात घेतली तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. निवृत्तीनंतर त्यांनी इतकी चांगली नोटीस बघितली नव्हती.

त्यांनी तिचा अर्थ सांगितला. तीन दिवसांत उत्तर द्यायचं, जास्तीत जास्त सव्वादोनशे अक्षरांत. रस्ते तीन. मी एकटाच आहे असं सिद्ध केलं तर सगळं जसंच्या तसं. इतरांनी माझ्या खात्यात घुसखोरी केली असं सांगितलं तर खातं माझंच राहील, पण त्या तिघांच्या प्रत्येक ओळीवर लाल शिक्का बसेल, 'खोटा मजकूर', तोही कायमचा. आणि चौघं मिळून लिहितो असं कबूल केलं तर बहुधा खातं गोठवतील. असलेलं राहील, पण पुन्हा एक अक्षर लिहिता येणार नाही. आणि एक माणूस, एक खातं, म्हणून 'पेंटरकाका' हे नाव मला जगात कुठेच परत मिळणार नाही.

"सरळ सांगा, मी एकटाच," एजंट म्हणाला. "त्यांना काय कळतंय. व्हिडिओवर चार प्रश्न विचारतील. बाळंतपणाची थोडी माहिती काढून ठेवा."

"मुलगी झाली तेव्हा हे दवाखान्याच्या जिन्यात बेशुद्ध पडले होते," बायको म्हणाली. "डॉक्टर मला सोडून यांच्याकडे गेले."

"शिक्काच मारून घ्या," हेडक्लार्क म्हणाले. "कायद्याने ते घुसखोरच आहेत. तुमचं नाव वाचतं."

त्यांचं चूक नव्हतं. मी दोन दिवस तोच विचार करत होतो. मला काय हवं होतं? माझे चार शब्द, माझ्या नावावर, पुसले न जाणारे. ते एका शिक्क्याने मिळत होतं. मी त्या तिघांचं लिखाण पुन्हा वाचायला बसलो, खरं तर त्यात खोट काढायला. गवंड्याने लिहिलं होतं, 'टाकी बांधली तेव्हा आत उतरून मी एकदा मोठ्याने हाक मारली. आता वर पाणी आहे, खाली हाक आहे.' मी ते तीनदा वाचलं. मग फार राग आला, कारण ते चांगलं होतं. यावर लाल शिक्का मारायचा म्हणजे, माझ्या पाट्यांवरून फिरलेला तो ब्रश मी स्वतःच्या हातात घ्यायचा.

तिसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो आणि सांगितलं की खरं ते लिहिणार. खातं गोठेल.

"म्हणजे पुढे लिहिता येणार नाही?" कँटीनच्या मावशींनी विचारलं.

"तिथे नाही."

"मग तुमचं नाव?"

"राहील तिथे. गोठलेलं."

गवंडी उठला. त्याने पहिल्यांदाच माझ्यासाठी बाक पुढे ओढला.

बाईंनी आधी वहीत मजकूर लिहून घेतला. मी अक्षरं मोजली. पाट्या रंगवताना आयुष्यभर मोजत आलोय, त्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. एकशे पंधरा भरली. सव्वादोनशेतली एकशे दहा शिल्लक. मी निर्धास्तपणे फोनवर एकेक अक्षर शोधून, मान खाली घालून, टाइप करायला लागलो. पाच वाजता मुदत संपणार होती. पाचला दोन मिनिटं असताना संपवलं आणि बाण दाबला. मग सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं:

'या खात्यावर चौघं लिहितात. गुडघ्याचं आणि बाळंतपणाचं सुईणमावशींचं. ऐंशी माणसांच्या जेवणाचं कँटीनच्या मावशींचं. पाण्याच्या टाकीचं गवंड्याचं. सगळं खरं आहे. घोटाळा माझ्या वहीमुळे झाला. कुणाच्याही लिखाणावर शिक्का मारू नका. भिंतींचं'

तिथे संपत होतं.

वहीत पुढे होतं, 'भिंतींचं तेवढं माझं आहे. ते मी दोन आठवडे बसून लिहिलं.' ते फोनमध्ये शिरलंच नव्हतं. बाईंनी फोन घेतला, वही घेतली, बोटांनी मोजलं.

"काका, तुम्ही कसं मोजलंत?"

"पाटीसारखं. अक्षराचं अक्षर मोजायचं. काना, मात्रा, वेलांटी हे सगळं अक्षरातच येतं. त्याचे कुठला पेंटर वेगळे लावतो?"

"हे यंत्र वेगळे लावतं," बाई म्हणाल्या. "अनुस्वारसुद्धा. मधली मोकळी जागासुद्धा."

पाट्यांच्या धंद्यातला माणूस म्हणून ही लबाडी मला आजही पटलेली नाही.

पंचांनी बारा विरुद्ध नऊ मतांनी खातं गोठवलं. शिक्का कुणाच्याच ओळीवर बसला नाही. सुईणमावशींनी पेढे वाटायच्या थाटात सगळ्यांना खडीसाखर दिली. गोठलेल्या खात्यावर लिहिता येत नसलं तरी बदाम देता येतात, आणि ही भानगड गाजल्यामुळे लोक शोधून शोधून वाचायला लागले. मग त्या 'भिंग'ने स्वतःच्या पानावर मोठा लेख लिहिला. चूक लक्षात आल्यावर तो फार भला माणूस निघाला. त्याने शेवटच्या शब्दाचा उलगडा केला. म्हणे, घाईत तो जागेवरून निसटला असणार. 'पाण्याच्या टाकीचं, भिंतींचं गवंड्याचं' असं वाचावं. भिंतींसमोर दिवस दिवस उभा राहणारा माणूस गवंड्याशिवाय दुसरा कोण असणार? पेंटरकाकांनी स्वतः फक्त 'मी' एवढंच लिहिलं आणि बाकीची जागा इतरांना दिली, हा त्यांचा मोठेपणा.

माझ्या चार ओळींना साडेतीन हजार बदाम मिळाले. गवंड्याच्या नावावर.

गवंडी बिचारा सगळ्यांना सांगत सुटला की ते माझं नाही. लोक म्हणाले, किती नम्र आहे.

मी 'पेंटरकाका दोन' या नावाने खातं काढायला गेलो. फोनने माझा चेहरा बघितला आणि या वेळी लगेच ओळखला. म्हणाला, हा माणूस आधीच नोंदलेला आहे.

गेल्या रविवारी सकाळी गवंडी घरी आला. त्याच्या कुंपणाची नवी भिंत बांधून झाली होती, रस्त्याच्या बाजूची, गिलावा एकदम आरशासारखा. म्हणाला, "येणारे-जाणारे त्या ओळी विचारतात. मला पाठ येत नाहीत, लाज वाटते. तू येऊन भिंतीवर लिही. आणि खाली तुझं नाव घाल. मग कळेल एकेकाला."

मी ठेवणीतला ब्रश काढला. सकाळी आठला सुरुवात केली ती दुपारी दोनपर्यंत. शब्द जुळवणारा आणि अक्षर काढणारा एकच माणूस आहे, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे हात जरा जपून चालत होता. चारही ओळी उतरल्या. खाली, उजव्या कोपऱ्यात, पाट्यांवर सवयीने जिथे आणि जेवढ्या आकारात घालत आलोय तिथे आणि तेवढ्याच आकारात माझं नाव घातलं.

एजंट स्कूटरवरून जाताना थांबला. त्याने ओळी वाचल्या, मग वाकून कोपरा वाचला. त्याच्यामागून आलेल्या दोघांनीही तसंच केलं.

"व्वा," तो म्हणाला. "शब्द गवंड्याचे आणि अक्षर तुमचं. काय जोडी जमलीय."

गवंडी तोंड उघडणार होता. मी त्याला ब्रश धुवायला पाणी आणायला सांगितलं.

"अक्षर माझंच," मी एजंटला म्हटलं.